येलदरीच्या पाण्यावर शिवलेलं शीड

मे महिन्याची बारा तारीख, मंगळवार. काम होतं मोटार सरकवायचं.

येलदरी धरणाच्या मागच्या पाण्याला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. उन्हाळ्यात पाणी रोज थोडं मागं हटतं. काठाला ठेवलेली मोटार चार-पाच दिवसांत चिखलात उघडी पडते. मग पाईपाचे तुकडे जोडायचे, केबल ओढायची आणि मोटार पुन्हा पाण्यात नेऊन ठेवायची. दोन माणसांचं काम आहे. एकट्यानं केलं तर कंबर जाते.

दोनातलं एक माणूस मी. दुसरा माझा धाकटा भाऊ भानुदास.

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर कधीच इतबार नव्हता. अंगात येणाऱ्या बाईलाही ब्लाउजचं माप घेताना ‘नीट उभी राहा’ म्हणून दटावणारी मी. या सदरातले अनुभव मी वाचते, करमणूक म्हणून. त्यामुळे खाली कुणी ‘मावशी, तुम्हाला ऊन लागलं असेल’ असं लिहिलं तर मला राग येणार नाही. मी स्वतः दुसऱ्याच्या अनुभवाखाली तेच लिहिलं असतं.

माझं जिंतूरला दुकान आहे. ताडपत्र्या शिवते, अधूनमधून बायकांचे ब्लाउजही. ट्रकवरची झाकणं, मांडवाचं कापड, कडब्याच्या गंजीवर टाकायची पालं. एकोणीस वर्षं झाली. नवरा वारल्यानंतर घरात मी आणि मशीन, दोघंच. कापड हातात आलं की ते कुणी शिवलं, घाईत शिवलं का सवडीनं, हे मला कळतं. ही काही विद्या नाही, सवय आहे.

आमचं घराणं मेंढरांचं. वडिलांच्या काळात आम्ही आठ महिने फिरस्तीवर असायचो. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची आणि घरातल्या लहानथोर सगळ्यांनी पाळीपाळीनं राखण करायची. त्या राखणीची आमच्यात एक रीत होती. राखणीची काठी एकच. ती जमिनीवर टेकवून ठेवायची नाही, झाडाला लावायची नाही. ज्याची पाळी संपली त्यानं पुढच्याला उठवायचं, काठी पुढं करायची आणि म्हणायचं, “घे.” घेणाऱ्यानं हात लावला की म्हणायचं, “आली.” म्हणजे राखण माझ्याकडं आली. तोपर्यंत पहिल्यानं झोपायचं नाही. काठी हिसकावूनही घेता येत नाही. देणाऱ्यानं ‘घे’ म्हटल्याशिवाय राखण सुटत नाही. सात वर्षांची असल्यापासून मी हे केलेलं आहे, आणि माझ्यानंतर काठी घ्यायचा तो भान्या. झोपेतसुद्धा त्याचा हात बरोबर काठीवर पडायचा.

पुढं भान्या फौजेत गेला. सतरा वर्षं नोकरी केली. शेवटच्या वर्षी उंचावरच्या एका चौकीवर होता. कुठं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच कळलं की एका रात्री त्याच्या जागी पहाऱ्याला येणारा जोडीदार वाटेतच गेला. भान्याला कुणी सांगितलं नाही, सांगायला कुणी उरलंच नव्हतं. तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक वर पोचले तेव्हाही तो उभाच होता, आणि बंदूक त्याच्या हातातून बोट बोट सोडवून घ्यावी लागली. ‘घे’ म्हणायला त्याला कुणी मिळालं नाही… हे माझं म्हणणं आहे. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आणि लांबलचक होतं.

पेन्शन घेऊन आल्यापासून तो शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. बायको वर्षभर राहिली आणि माहेरी गेली. तिला मी दोष देत नाही. हा माणूस वडिलांची काठी घेऊन काठावर उभा राहायचा, पाण्याकडं बघत. विचारलं तर म्हणायचा, “बगायलोय.” परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्या मी दर महिन्याला आणून द्यायचे. तो घ्यायचा की नाही, माहीत नाही.

त्या मंगळवारी माझ्या पिशवीत एक नवं कुलूप होतं. मोटार सरकवायची, जेवायचं, शेडला कुलूप लावायचं आणि भान्याला घेऊन जिंतूरला यायचं, असं मी ठरवलं होतं. माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे. आठ वर्षं मी ‘उद्या बघू’ केलं होतं. आता मला बावन्न वर्षं झाली. हे काम राहून जायला नको होतं.

कुलपाशेजारी पिशवीत एक दाभण होता आणि नायलॉन दोऱ्याचं पाचशे मीटरचं नवं रीळ. आदल्या दिवशी त्यानंच फोनवर मागवलं होतं. तो आपण होऊन काही मागत नाही, म्हणून मी कारण विचारलं नाही. शेडवरची ताडपत्री फाटली असेल, असा अंदाज केला.

नऊ वाजता पोचले तर हा काठावर उभा.

“आक्का, रीळ आणलंस का?”

“आधी बहिणीला पाणी विचारतेत, मग रीळ.”

“पानी समोर हाय की. धरणभर हाय.”

बऱ्याच दिवसांनी तो चेष्टा करत होता. मला बरं वाटलं. वाटलं, आज हा येईल.

पाईप जोडता जोडता मी विषय काढला. “जेवण झालं की माझ्यासंगं चल. वरची खोली झाडून ठेवली.”

“आन् हितं कोन बगंल?”

“हितं बगायला हाय काय? मेंढरं विकून वीस वर्षं झाली. कुणाची राखण करायलास तू?”

त्यानं पुढचा पाईप बसवला. मग पान्यानं क्लिप आवळत म्हणाला, “तेच तर मला कळंना झालतं.”

‘झालतं’ म्हणाला, म्हणजे आता कळलं होतं. मी तेव्हा तिकडं लक्ष दिलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला मोटार पाण्यात बसली. वारा नावालाही नव्हता. पाणी पितळेच्या परातीइतकं गुळगुळीत. दूर नामदेव आपल्या होडीत बसलेला दिसत होता. नामदेव मासे धरतो, चाळीस वर्षं त्याच पाण्यावर आहे, आणि वाऱ्याशिवाय इथं पानसुद्धा पुढं सरकत नाही हे तो शपथेवर सांगेल.

“आक्का,” भान्या हळूच म्हणाला, “आलं बग.”

“काय आलं?”

“भिंतीच्या अंगानं बग.”

धरणाच्या भिंतीकडून एक शीड येत होतं.

जहाज मी फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. हे तसंच होतं. लाकडासारखं अंग, मध्ये उंच डोलकाठी, तिला एकच भलंमोठं शीड. पण शीड फुगलेलं होतं, आणि वारा तर नव्हता. पाण्यावर एक रेघ उठत नव्हती. जवळ आल्यावर मी खाली वाकून बघितलं, कारण कापड असो की काही असो, माझी नजर काठावरच आधी जाते. जहाजाचा तळ पाण्याला लागलेलाच नव्हता. वीतभर वर होता, आणि त्या फटीतून पलीकडचा काठ दिसत होता.

“तीन उन्हाळे झाले येतंय,” भान्या म्हणाला. “लांबून जायचं. औंदा फाटलंय, म्हणून वाकडं चालायलंय. काल जवळ आलतं. मी हात केला.”

“मला का नाई सांगितलंस?”

“तू गोळी वाढवली असतीस.”

वाढवली असती. खोटं कशाला बोलू.

तो पाण्यात शिरला. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. मी त्याला परत आणायला मागोमाग गेले, एवढंच. पिशवी खांद्याला तशीच. त्यानं जहाजाची कड धरून अंग वर घेतलं, मी त्याचा पट्टा धरला, आणि पट्ट्याबरोबर मीही वर आले.

वर एकच जण होता.

तो माणूस होता की नाही, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. उंच होता, सुकलेला होता, अंगावरचे कपडे ठिगळांचे. डोळे भान्यासारखे… म्हणजे रंगाने नव्हे. झोप न झालेले. सुकाणूची काठी त्याच्या हातात होती आणि ती काठी तो असा धरून होता की बाकी त्याच्याकडं बघावंसंच वाटलं नाही. तो बोलला नाही. पूर्ण वेळात एक शब्द बोलला नाही. त्यानं नुसती हनुवटी वर केली, शिडाकडं.

शीड कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ होतं आणि त्यावर ठिगळंच ठिगळं. मी जवळ जाऊन शिवणीवर बोट फिरवलं. खालच्या अंगाच्या शिवणी वेगवेगळ्या हातांच्या होत्या. कुणाचा टाका आखूड, कुणाचा तिरपा, एकाला गाठ मारताना दोनदा गुंडाळायची सवय. दहा-बारा हात तरी असावेत. जसजशी नजर वर नेली तसे हात कमी होत गेले. सहा. तीन. दोन. आणि वरचा सगळा निम्मा भाग एकाच हाताचा होता, डावऱ्या हाताचा. मी त्याच्याकडं बघितलं. काठी डाव्या हातात होती.

किती दिवस हा एकटा होता याचा हिशेब मला लावता येईना. एवढं ठिगळकाम मला जन्मभर पुरलं असतं.

“शिवतीस का?” भान्यानं विचारलं.

“शिवते. मग तू उतरायचं आणि माझ्यासंगं यायचं.”

“बरं.”

फाटलं होतं डोलकाठीपासून कडेपर्यंत, आडवं. मी दाभण काढला, दोरा ओवला. पहिला टाका घालताना शिडाखाली तळहात धरला, तर तळहातावर दाब आला. पतंगाची दोरी हाताला ओढ देते ना, तसा. वाऱ्याचा नव्हे. ऊन पडलं होतं तेवढ्याच भागावर. माझ्या सावलीत कापड ढिलं पडत होतं आणि मी बाजूला झाले की ताणत होतं. ऊन त्या शिडाला ढकलत होतं. बस्स, मला जे हाताला लागलं ते मी लिहिते आहे.

वीसेक टाके झाले असतील. खाली बघितलं तर येलदरीचं पाणी पिठाच्या परातीत सांडलेल्या पाण्याएवढं दिसत होतं. त्यानंतर बघितलं तेव्हा तेवढंही नव्हतं. आभाळ काळं झालं होतं, आणि सूर्य मात्र होता. भर दुपारी, काळ्या आभाळात, चांदण्यांच्या शेजारी. मला भोवळ यायला हवी होती. आली नाही. माझ्या हातात अर्धवट शिवण होती, आणि अर्धवट शिवण हातात असली की मला दुसरं काही सुचत नाही.

“आक्का,” भान्या म्हणाला. आवाज बदलला होता. हा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता, फौजेत ज्यांनी ऐकला असेल त्यांनी ऐकला असेल. “वर बगू नको. टाका घालत ऱ्हा.”

मी बघितलंच. सूर्याच्या अंगावरून काळी शिडं येत होती. पाच-सहा. ती आमच्यावर चालून येत नव्हती, आमच्या आणि सूर्याच्या मध्ये येत होती. एकेक मध्ये आलं की आमचं शीड ढिलं पडायचं. दाराशी उभं राहून दुसऱ्याचा उजेड अडवावा, तसं.

आणि मग ते सुरू झालं.

आवाज नव्हता. मला फक्त कळलं — पक्कं, जसं दोन आणि दोन चार कळतं तसं — की माझ्याकडं कुणी येणार नाही. आज नाही, कधीच नाही. दुकानाचं शटर बंद आहे आणि त्यावरची पाटी पुसली गेली आहे. मी शिवलेल्या सगळ्या पालांखाली झोपलेल्यांपैकी एकालाही माझं तोंड आठवत नाही. नवरा होता का? असेल. हात आपोआप थांबला. दाभण खाली ठेवावा आणि उठून कडेवरून निघून जावं, इतकं ते सोपं वाटत होतं. दुःख नव्हतं त्यात. नुसतं रिकामं.

“आक्का, सुई ओव.”

“कशाला?”

“ओव म्हनलं ना! दोरा सुटलाय तुजा.”

सुटलेला नव्हता. पण मी बघितलं, आणि तेवढ्यात हात परत हलला.

“आईक,” तो माझ्याजवळ उकिडवा बसला. “जे वाटायलंय ते तुजं न्हाई. ते त्यांचं हाय. ते हत्यार हाय, आक्का. मानसाला मारत न्हाई ते, जागेवरून उठवतंय. कोन उठलं की झालं त्यांचं काम.”

“तुला कसं माहीत?”

“मला आठ वर्सं वाटायलंय की. मला वाटलं मीच बिगडलो.” तो चक्क हसला. “टाका किती बोटावर घालायलीस?”

“अर्ध्या.”

“मंग अर्ध्याच बोटाचं बग. त्याच्या पुढचं बगू नको. आमी वर तसंच करायचो. एक बूट, मंग दुसरा बूट.”

मी अर्ध्या बोटाचं बघितलं. मग पुढचं अर्धं. भान्या उठून दोरखंडाला गेला आणि सुकाणूवाल्याला हातानं खुणा करू लागला — तिरपं घे, आनखी तिरपं. तो कळल्यासारखं घेत होता. ज्यांना हे शिकवलेलं नसतं ते सरळ उजेडाकडं पळतात आणि सावलीत सापडतात, असं भान्या मागून ओरडून मला सांगत होता. मला वाटतं स्वतःलाच. दोन काळी शिडं आमच्या डोक्यावरून गेली. त्यांच्या सावलीत मी काय काय विसरले ते मला आता सांगता येणार नाही. टाके मात्र विसरले नाही.

शिवण कडेपर्यंत पोचली. रीळ संपत आलेलं. शेवटचा टाका घातला आणि सावलीच्या काठातून ऊन एकदम शिडावर पडलं. शीड असं ताणलं की डोलकाठी कण्हली. मी मागे फेकली गेले ती थेट सुकाणूवाल्याच्या पायाशी. काळी शिडं मागं राहिली, लहान झाली, गेली.

सुकाणूवाला माझ्याकडं बघत होता. त्याचे गुडघे वाकायला लागले होते. पडता पडता त्यानं काठी पुढं केली.

आता माझी चूक सांगते.

दुसरी कुणी असती तर तिनं त्याला धरलं असतं, किंवा किंचाळली असती, किंवा भावाला हाक मारली असती. मी मेंढरांवाल्याची पोर. समोरून थकलेल्या माणसानं काठी पुढं केली की काय करायचं, हे माझ्या हाताला माझ्याआधी माहीत होतं. मी काठी धरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आली.”

तो तिथंच आडवा झाला आणि झोपला. लहान मुलासारखं, एका कुशीवर.

काठी हातात आल्याबरोबर मला तिचं वजन कळलं. लाकडाचं नाही. आपल्या पाठीमागं जे झोपलेले आहेत, त्यांचं. किती ते माहीत नाही. जिंतूर त्यात होतं, एवढं कळलं. नामदेवची होडी होती. अशी कितीतरी जिंतुरं होती जी मी पाहिलेली नाहीत, आणि त्यातल्या कुणाला कल्पना नव्हती की कुणी राखणीला आहे. तसंच असतं म्हणा. मेंढरांनाही नसते.

जहाज खाली येत होतं. पाणी मोठं होत होत पुन्हा येलदरी झालं. आमचा काठ दिसला, काळा पाईप दिसला. भान्या माझ्यासमोर उभा होता.

“दे,” तो म्हणाला.

“देत न्हाई.”

“तुज्या हातात आली ती. कुनाला तरी दिल्याबिगर उतरता येत न्हाई तुला.”

“मग न्हाई उतरत. ह्याला उठव.”

आम्ही दोघांनी त्या झोपलेल्याकडं बघितलं. उठवण्याचं काही धैर्य झालं नाही.

“आक्का, तुजं दुकान हाय. वीस गिऱ्हाइकं वाट बगत असतील.”

“तुझी पेन्शन हाय. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो कोन देणार?”

तो मोठ्यानं हसला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले. “तू जा की. इच्यारलं तर सांग, हाय म्हनून.”

“भान्या, वरची खोली झाडून ठेवली मी.”

“ठाऊक हाय.” मग तो हसायचा थांबला. “आक्का, तवा माजी कुनी घेतली न्हाई. लय वाट बगितली मी. आज तुजी मी घ्यायलोय. तू नुसतं म्हन.”

काठी हिसकावता येत नाही, हे वर लिहिलंच आहे. त्यानं हिसकावली असती तर मला सोपं गेलं असतं. तो हात पुढं करून उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा. फरक एवढाच की आता तो टक्क जागा होता.

मी म्हटलं, “घे.”

“आली,” तो म्हणाला.

काठावर माझे पाय चिखलात होते आणि पाण्यावर एक रेघ उठलेली नव्हती. शीड भिंतीकडं निघालं होतं. भान्यानं मागं वळून बघितलं नाही. बरोबर आहे, राखणीवर असताना मागं बघत नसतात. मी हाकही मारली नाही.

नामदेव होडी वल्हवत आला. “आक्का, भानुदास कुटं गेला?”

“तू काय बघितलंस?”

“मी बिडी पेटवली तवा तुमी दोगं पान्यात उतरलेले. बिडी संपायच्या आत तुमी एकल्याच. शीड? न्हाई बा. वारा कुटं हाय शिडाला?”

एका बिडीइतका वेळ. माझ्या अंदाजानं मी तीन तास तरी शिवत होते. माझ्या पिशवीतलं पाचशे मीटरचं रीळ रिकामं होतं. उजव्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर दाभणाचे वळ होते, दिवसभर जाड ताडपत्री शिवल्यावर पडतात तसे. साडी कमरेच्या खाली ओली, वर कोरडी. ऊन लागलेल्या बाईनं एका बिडीत पाचशे मीटर दोरा कुठं घालवला, हे कुणाला सांगता येत असेल तर खाली जरूर लिहा. मी मनापासून विचारते आहे.

संध्याकाळपर्यंत गावानं पाणी धुंडाळलं. गळ टाकले, जाळी टाकली. पाणी उन्हाळ्याचं, छातीभर. काही लागलं नाही. वडिलांची काठी शेडच्या दाराला टेकवलेली होती. भान्यानं ती आठ वर्षांत कधी टेकवली नव्हती. कुणी म्हणालं, मोडून पाण्यात सोडा, शांत होईल. मी त्यांना घरी जा म्हटलं.

मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि मलाच गोळ्या लिहून दिल्या. त्या मी घेते, झोप लागते. वरची खोली तशीच आहे. दुपारी मशीन थांबवलं की घर फार शांत होतं, आणि कधीकधी ते रिकामं पुन्हा येऊन बसतं समोर. तेव्हा मी अर्ध्या बोटाचं बघते.

एक गोष्ट मात्र त्या रात्री अंथरुणावर आठवली आणि मी उठून बसले. मी शेवटचा टाका घातला, पण गाठ मारली नाही. मागे फेकली गेले आणि राहून गेलं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून असं गेलेलं नाही. गाठ न मारलेली शिवण किती टिकते ते मला माहीत आहे. फार नाही. आज ना उद्या उसवणार, आणि उसवली की जहाज वाकडं चालणार, आणि वाकडं चाललं की काठाला यावं लागणार.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोलीस कागद घेऊन आले. त्यांनी ‘बुडून’ असा शब्द लिहायला घेतला होता, तो मी लिहू दिला नाही. ‘आहे, पण इथं नाही,’ असं सांगितलं. त्यांनी ‘बेपत्ता’ लिहिलं, मी सही केली. मग जिंतूरला जाऊन बाजार उघडायची वाट बघत दोऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. पाचशे मीटरची दोन रिळं घेतली, एक दाभण घेतला, दुपारच्या बसनं येलदरीला परत आले आणि शेडमध्ये दाराजवळच्या खिळ्याला पिशवी अडकवली, अंधारातही हाताला लागेल अशी. काठी उचलून हातात घेतली. कुलूप पिशवीतच राहू दिलं.

पाणी मोटारीपासून चार बोटं मागं हटलं होतं.